अर्धा ढावलो

फुलसावंगीच्या पुढच्या तांड्यात हिरासिंग राठोडला गेली दोन वर्षं लोक बायकोचं तोंड हुंगणारा म्हणून ओळखत. माणूस पन्नाशीचा, उंच, खांद्यात वाकलेला. चार एकरात कापूस आणि तूर, दारात एक म्हैस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण रोज संध्याकाळी रुपीबाई शेतातून परतली की हा खाटेवरून उठायचा, तिच्यासमोर उभा राहायचा आणि खरोखर तिच्या तोंडाचा वास घ्यायचा. बिडीचा वास आला की तिच्या कमरेची चंची ओढून घ्यायचा आणि बिड्या म्हशीच्या शेणात कालवून टाकायचा. शेजारच्या बायका पदर तोंडात घालून हसत. रुपीबाई शिव्या देई. हिरासिंग मुकाट्यानं परत खाटेवर जाऊन बसे. त्याला हसूही येत नसे आणि रागही. दमलेल्या माणसाला दोन्हीची उस्तवार परवडत नाही.

हे सगळं सुरू झालं ते कापसाच्या गाठोड्यापासून. त्या वर्षी शेवटच्या वेच्याला रुपीबाईनं डोक्यावर गाठोडं घेतलं आणि शेताच्या धुऱ्यावरच तिच्या डाव्या छातीत अशी कळ आली की गाठोडं एकीकडे आणि ती एकीकडे. घरच्यांनी ठरवलं, गॅस झाला. तिला ओवा दिला, लिंबू-सोडा पाजला, पाठीला तेल चोळलं. दोन दिवस ती भिंतीला टेकून बसून राहिली, कारण आडवं पडलं की दम कोंडायचा. तिसऱ्या दिवशी तिला बोलताही येईना, तेव्हा कुठे गाडी केली आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर सुरभी मॅडम तरुण होत्या आणि गोड बोलण्याच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी एक्सरे उजेडाला धरला आणि हिरासिंगला दाखवला. एका बाजूला फुप्फुसाची जाळी दिसत होती, दुसऱ्या बाजूला नुसताच काळोख आणि कोपऱ्यात मुठीएवढा गोळा.

"हा गोळा म्हणजे तिचं फुप्फुस. आधी टीबी झाला होता ना?"

"झालता. पुऱ्या गोळ्या खाल्ल्या तिनं."

"चांगलं केलं. पण टीबीनं फुप्फुसावर पातळ फोड सोडलेत. त्यातला एखादा फुटला की श्वासातली हवा फुप्फुसाबाहेर पडते, पण छातीतच अडकून बसते. मग ती फुप्फुसाला दाबते. जितका श्वास घ्याल तितकी आणखी हवा अडकते."

मग बरगड्यांमधून एक नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बाटलीत बुडबुडे यायला लागले. हिरासिंग कितीतरी वेळ ते बुडबुडे बघत बसला. आपल्या बायकोच्या आत ही एवढी हवा कोंडली होती आणि आपण तिला ओवा चारत होतो, याची त्याला फार लाज वाटली.

सुट्टी होताना मॅडमनी बजावलं. बिडी बंद, चुलीचा धूर बंद, काही आठवडे ओझं उचलायचं नाही, खोकला झाला तर अंगावर काढायचा नाही. विमानात बसायचं नाही आणि खोल पाण्यात बुडी मारायची नाही. ही शेवटची दोन पथ्यं तांड्यात फार गाजली. पुढे महिनाभर रुपीबाई दिसली की कोणीतरी विचारायचं, "काय मग, विमान रद्द का आजचं?" आणि उन्हाळ्यात नदीच्या पात्रात जिथे गुडघाभर पाणी नसतं तिथे ही बाई बुडी कुठे मारणार होती, ते मॅडमनाच ठाऊक. पण शेवटी मॅडमनी बोट रोखून जे सांगितलं होतं त्यावर कोणी हसलं नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते एकट्या हिरासिंगच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. "हे पुन्हा होऊ शकतं. कळ आली, दम लागला, की थांबायचं नाही. गॅस म्हणायचं नाही. निघायचं."

तेव्हापासून त्यानं थांबणं सोडलं आणि झोपणंही. घरात गॅसची शेगडी होतीच. चुलीवर त्यानं फरशी टाकून दिली. फुंकणी नेऊन गोठ्याच्या छपरात खोचली. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणून रुपीबाईनं आठ दिवस तोंड वाकडं ठेवलं. मधूनच ती शेजारी जावेच्या चुलीपाशी जाऊन बसायची, धुरात डोळे चोळत गप्पा मारायची आणि जाताजाता दोन झुरके ओढून यायची. म्हणून मग ते हुंगणं. झोपेत तिचा श्वास जरा खरखरला की हा उठून बसायचा. दिवसा शेतात असला तरी कान घराकडे. माणूस वाळत चालला होता आणि तांडा म्हणत होता की फुप्फुस हिचं फुटलं आणि हवा याची गेली.

रुपीबाई साधी बाई नव्हती, हेही सांगायला हवं. आसपासच्या सगळ्या तांड्यांत तिच्यासारखा ढावलो कोणाचा नव्हता. ढावलो म्हणजे गोरमाटी, म्हणजे बंजारा, बायकांचं गाऊन रडणं. नवरी सासरी निघताना आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. जिच्या गळ्यात पडली तीही सुरातच उत्तर देते. शब्द तिथल्या तिथे सुचावे लागतात. नुसतं हुंदके देऊन भागत नाही, तसं रडणाऱ्या नवरीला बायका नावं ठेवतात. म्हणून लग्न ठरलं की पोरी दुपारी रुपीबाईच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि ती त्यांना रडायला शिकवायची. तिची खूण होती तिचा दम. "बेटीये" म्हणून जी हाक ती उचलायची ती ओळ संपेपर्यंत खाली ठेवायची नाही. ऐकणाऱ्याचाच श्वास अडकायचा. हिरासिंगनं लग्नाच्या आधी तिला कुणाच्या तरी ढावल्यात ऐकलं होतं आणि घरी येऊन आपल्या बापाला सांगितलं होतं की हीच पाहिजे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर फुप्फुस पुन्हा बसलं. या वेळी हिरासिंगनं ओवा आणला नाही. कळ आली त्याच दुपारी रुपीबाई यवतमाळला होती. पुन्हा नळी, पुन्हा बाटली. सुरभी मॅडम म्हणाल्या, "वेळेवर आणलंत म्हणून हसत बोलतेय ती. पण दुसऱ्यांदा झालं म्हणजे तिसऱ्यांदा होण्याची वाट बघायची नाही. या नळीतूनच आत औषध सोडते. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसेल. मधे जागाच उरणार नाही, मग हवा अडकेल कुठे?"

हिरासिंगला ते एका झटक्यात पटलं. पण भेटायला आलेली लालीबाई, म्हणजे त्याची मोठी भावजय, खाटेच्या पायथ्याशी बसून सगळं ऐकत होती. मॅडम गेल्यावर ती रुपीबाईच्या कानाशी लागली. "चिकटोलं म्हणजे मंग फुगन कसं वं ते? दम कुठून आणशीन? अंजूच्या लग्नात काय कोंबडीवानी कुईकुई करशीन का?"

अंजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. दिग्रसकडच्या तांड्यातल्या ऋतिकशी तिचं लग्न ठरलं होतं, चैत्रात. दुसऱ्यांच्या पोरींसाठी उभा जन्म रडलेली बाई आपल्या पोरीला कशी वाटे लावते, हे बघायला चार तांड्यांच्या बायका टपून होत्या. रुपीबाईनं मॅडमना सांगून टाकलं की आता नाही, लग्न झाल्यावर. मॅडमनी समजावलं, रागावल्या, शेवटी हिरासिंगकडे बघितलं.

"करून घे, रुपी," तो म्हणाला.

"मेली तं चालन मले, पण पोरीले मुकी नाही धाडणार."

 खरं तर त्याच वेळी त्यानं पाय रोवून उभं राहायला हवं होतं. पण दोन वर्षं जागून त्याच्यात भांडायची ताकद उरली नव्हती, आणि तो आवाज जाईल ही भीती त्यालाही होतीच. त्यानंही मान डोलावली. मॅडमनी नळी काढली आणि घरी पाठवलं, तेच बोट रोखून.

लग्नापर्यंतचे महिने त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. पाणी तो भरायचा, म्हशीचं तो बघायचा, पाहुण्यांची भांडी तो उतरवायचा. कांदे चिरताना रुपीबाई खोकली तरी हा धावत आत. मांडवाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकासाठी बाहेर मोठ्या चुली पेटल्या, तेव्हा त्यानं तिला सरळ लालीबाईच्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली. नवरीच्या आईला कोंडून ठेवणारा बाप चार तांड्यांत पहिल्यांदाच कोणी पाहिला असेल.

लग्न लागलं, जेवणं झाली, ऊन कललं. ऋतिकची झेंडूच्या माळा लावलेली गाडी तांड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मांडवाच्या एका अंगाला बाप्ये बसले होते आणि दुसऱ्या अंगाला बायकांचं रिंगण झालं होतं. रुपीबाईनं त्या दिवशी साडी सोडून जुना आरशांचा फेटिया, म्हणजे घागरा, आणि वर चोळीसारखी कांचळी घातली होती. हात कोपरापर्यंत बलोयांच्या बांगड्यांनी भरले होते. हिरासिंग व्याह्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. व्याही त्याला दिग्रसच्या बाजारात कापसाला काय भाव निघाला ते सांगत होता. हिरासिंग हं हं करत होता आणि त्याचे कान रिंगणात होते.

आधी अंजूनं काकीच्या गळ्यात पडून सुरुवात केली. पोर चांगली तयार झाली होती. मग मैत्रिणी झाल्या. मग रिंगण एकदम गप्प झालं आणि हिरासिंगला न बघताच कळलं की आता मायलेकी समोरासमोर आल्या. "याडीयेऽऽ," अंजूनं हाक घातली. याडी म्हणजे आई. आणि त्यावर रुपीबाईचा आवाज उठला.

"बेटीयेऽऽ…"

काय उठला होता तो आवाज. व्याह्याचंही बोलणं थांबलं. हिरासिंगच्या अंगावर काटा आला आणि क्षणभर त्याला वाटलं, बरं झालं ते चिकटवणं टाळलं.

दुसऱ्या ओळीत ती मधेच थांबली. एवढीशी थांबली, श्वास घेतला आणि ओळ पुरी केली. बायकांनी हुंदका समजून आपणही हुंदके दिले. तिसऱ्या ओळीत ती दोनदा थांबली. चौथ्या ओळीत नुसतेच तुकडे होते. शब्द, मग ओढलेला श्वास, मग अर्धा शब्द.

"काय रडून राह्यली वं रुपीबाई!" लालीबाई ओरडली. "काळीज फाडून राह्यली!"

बायका आणखी जवळ सरकल्या. जितका तिचा दम तुटत होता तितकं त्यांना वाटत होतं की आजवर ऐकला नाही असा हा ढावलो आहे. अंजूनं आईचा गळा आणखी घट्ट आवळला. सगळ्याजणी आता एका सुरात रडत होत्या, आणि त्या गदारोळात मधला तो एक आवाज बुडत चालला होता.

हिरासिंग खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. ढावल्यात बाप्या माणसानं जायचं नसतं. आपण गेलो आणि ती नुसतीच रडत असली तर? लेक वाटे लावताना आईचा श्वास तुटणार नाही तर कोणाचा तुटणार? व्याही समोर, सगळा तांडा समोर. तोंड हुंगणारा म्हणून आधीच नाव झालेलं, आता लेकीचा ढावलो तोडणारा म्हणून होईल आणि ते मेल्यावरही पुसलं जाणार नाही. तो तसाच उभा होता आणि कान देऊन पुढच्या श्वासाची वाट बघत होता. तीस वर्षं त्यानं हा आवाज ऐकला होता. दुःखानं तिची ओळ कधी तुटली नव्हती. तिची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

तो बायकांना ढकलत रिंगणात घुसला. रुपीबाईचं तोंड अंजूच्या खांद्यावर होतं. त्यानं ते वर केलं. ओठ काळेनिळे पडले होते आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या होत्या. कांचळीची उजवी बाजू भात्यासारखी हलत होती आणि डावी बाजू जागच्या जागी फुगून बसली होती. त्यानं पोरीचे हात आईच्या गळ्यातून ओढून काढले.

"सोड! सोड अंजू, तिले दम घेता येऊन नाही राह्यला!"

"हिरासिंग!" लालीबाईनं त्याचा सदराच धरला. "पागल झाला का तू? पोरीचा ढावलो तोडतं? असा अर्ध्यावर?"

"सरक भोजाई," तो एवढंच म्हणाला, आणि आजवर भावजयीला कधी वर मान करून न बोललेल्या त्या माणसानं तिला ढकलून दिलं.

तांड्यातल्या सगळ्या गाड्या मांडवामागे अडकल्या होत्या. मोकळी होती ती फक्त नवरदेवाची. हिरासिंगनं रुपीबाईला मागच्या सीटवर टेकवून बसवलं, आडवं होऊ दिलं नाही. तिचा हात अंजूच्या हातात होता, म्हणून अंजूही आत ओढली गेली. स्टिअरिंगवर स्वतः ऋतिक बसला, मुंडावळ्या काढून डॅशबोर्डवर टाकल्या आणि महागावच्या रस्त्याला लागला. झेंडूच्या माळा तुटून वाटेवर पडत गेल्या. रुपीबाईला बोलता येत नव्हतं. ती हिरासिंगकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती कमी आणि राग जास्त होता.

महागावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेकवला आणि एक्सरेची वाटही बघितली नाही. गळ्याच्या हाडाखाली जाड सुई घातली. सुस्स करून हवा सुटली. खोलीत सगळ्यांना ऐकू आली. रुपीबाईनं एक मोठा श्वास घेतला आणि हिरासिंगनं तिथेच जमिनीवर बसकण मारली. डॉक्टर म्हणाले, "हवा कोंडून हृदयच एका बाजूला सरकायला लागलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर इथवर पोचल्या नसत्या." मग अॅम्ब्युलन्समधून यवतमाळ. नळी, बाटली आणि सुरभी मॅडम.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कळ कधीपासून होती?"

"सकाळपासून," रुपीबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "हळद धुतली तवापासून."

हिरासिंगनं ते ऐकलं. तो तिच्या मागेमागे फिरला होता, तिला कोंडून ठेवलं होतं, आणि ती दिवसभर कळ दाबून हसत फिरत होती. त्याला ओरडावंसं वाटलं, पण तो बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन परत आला.

मॅडम खाटेवर टेकल्या. "फुप्फुस चिकटवल्यानं आवाज जातो हे तुम्हाला कोणी सांगितलं? रडण्यानं फुप्फुस फुटत नाही आणि चिकटवल्यानं गाणं जात नाही. थोडे दिवस दुखेल, मग गा की पोटभर. आवाज जातो तो माणूस गेल्यावर."

रुपीबाईनं या वेळी मान डोलावली.

नळीतून औषध सोडलं तेव्हा तिला फार दुखलं. आधी दुखणं मारायची औषधं दिली होती, तरी ती दात आवळून हिरासिंगच्या दंडात नखं रुतवून पडली होती. पण त्याच्याशी ती बोलत नव्हती. दवाखान्यात आल्यापासून एक शब्द नाही. पाणी हवं असलं तर अंजूला मागे. गोळी त्यानं दिली तर हातात घेई, पण बघे दुसरीकडे. एकदा अंजूला सांगताना त्यानं ऐकलं, "जीव वाचोला, ते खरं. पण तुह्यं रडणं अर्ध्यात तोडलं त्यायनं. आता तू ना इकडची ना तिकडची."

तांड्यातूनही तेच येत होतं. लालीबाईचा रोज फोन. अर्धा ढावलो घेऊन गेलेल्या पोरीचा पाय सासरी ठरत नाही, बायका काय काय बोलून राह्यल्या, तुह्या व्याह्यानं काय विचारलं. हिरासिंग फोन कानाला लावून ऐकून घेई. अंजू सासरी गेलीच नव्हती. लग्नातल्या हिरव्या बांगड्या घालून ती वॉर्डात आईचे केस विंचरत होती. ऋतिक एक दिवसाआड दिग्रसहून डबा घेऊन येई आणि जावई असून खाटेखाली चादर अंथरून झोपे. तो मुलगा चांगला होता. हिरासिंगला त्याच्याकडे बघवत नसे.

आणि मग भेटायला येणाऱ्या बायका. आजारी माणसाला बघायला आलं की गळ्यात पडून सुरात रडायचं, ही रीत. ती काय दवाखान्याच्या दारात सोडून येतात? जीपगाडी भरून बायका आल्या की हिरासिंग वॉर्डाच्या दारात हात पसरून उभा. "मळू नका, गळ्यात पडू नका! दुरून बोला! नळी आहे!" रखवालदार त्याला बघून खूश होता, त्याचं काम आपोआप होत होतं. एकदा तो चहाला गेला तेवढ्यात लालीबाई आत शिरली आणि खाटेखालची बाटली पायाला लागते म्हणून उचलून वर उशीपाशी ठेवली. तो दारातूनच असा ओरडला की अख्खा वॉर्ड उठून बसला.

"खाली ठेव! बाटली छातीच्या खालीच पाहिजे! पाणी उलटं आत जाईन!"

लालीबाईनं बाटली खाली ठेवली.  मग ती कोपऱ्यात बसून राहिली, सूर न लावता, डोळे पुसत. जाताना त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मले खरंच वाटलं रे, ते रडूनच राह्यली म्हून." हिरासिंग म्हणाला, "सगळ्यायलेच वाटलं, भोजाई. मलेबी वाटलं थोडा वेळ." आणि ते खरंच होतं. खुर्चीतून उठून तो जितका वेळ उभा राहिला होता, तेवढा वेळ त्याच्या मनातून जात नव्हता.

बुडबुडे कमी झाले, मग थांबले. एक्सरेत जाळी पार कडेपर्यंत गेलेली दिसली. मॅडमनी नळी काढली, टाका घातला आणि पुन्हा सगळं बजावलं. बिडी, धूर, ओझं, खोकला.

"आता पुन्हा नाही ना होणार?" हिरासिंगनं विचारलं.

"शक्यता फार कमी झाली. नाहीच होणार असं मी म्हणणार नाही. कळ आली तर काय करायचं?"

"निघायचं," तो म्हणाला. म्हणजे सुटका नव्हतीच. जोवर ती श्वास घेईल तोवर त्याला तो मोजत बसायचा होता. ते त्याला कळलं आणि त्यानं पिशव्या भरायला घेतल्या.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर निंबाच्या सावलीत ऋतिकची गाडी उभी होती. माळा नव्हत्या, मागच्या काचेवर फुलांचा चिकटपणा तेवढा राहिला होता. इथूनच तो अंजूला दिग्रसला नेणार होता आणि हे दोघं बस स्टँडवर जाऊन पुसदची गाडी धरणार होते. रिंगण नव्हतं, बायका नव्हत्या. रिक्षावाले आणि चहाची टपरी. अंजू आईसमोर उभी राहिली. तिचे ओठ हलले, आणि तिनं बापाकडे बघितलं, विचारल्यासारखं. रुपीबाईनं छातीच्या डाव्या बाजूला हात दाबून धरला होता. टाका अजून ओला होता. तिनं पोरीच्या तोंडावरून दुसरा हात फिरवला आणि साध्या बोलण्यातल्या आवाजात म्हणाली, "जाय बाई. ऊन होते."

अंजू गाडीत बसली. हिरासिंगला वाटलं, झालं, हेही पार पडलं. त्यानं पिशवी उचलली. आणि मग काय झालं ते त्याचं त्याला कळलं नाही. त्याच्या पोटातून एक आवाज निघाला. तो ना हाक होता ना हुंदका. पिशवी हातातून पडली, डबा घरंगळत रस्त्यावर गेला, आणि तो उंच माणूस फाटकाच्या खांबाला धरून मोठमोठ्यानं रडायला लागला. त्याला सूर नव्हता, शब्द नव्हते. तांड्यातल्या बाप्यांना कोणी रडायला शिकवत नाही. रिक्षावाल्यांना वाटलं, कोणीतरी गेलं. एकजण जवळ येऊन उभा राहिला. अंजू गाडीचं दार उघडून खाली उतरली. लोक बघत आहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं बाहीनं तोंड दाबून घेतलं.

रुपीबाईनं हळूहळू चार पावलं टाकली आणि त्याचा तो हात तोंडावरून काढला.

"आता रडूनच राह्यले तं पुरतं रडा," ती म्हणाली. "अर्ध्यावर नका सोडू."